आजार जन्मभराचा, विमा पंचविशीपर्यंतचा

शाळा सुरू होण्याच्या दिवसांत बुधवार पेठेतील आप्पा बळवंत चौकात पुस्तकांसाठी पालकांची रीघ लागते. त्या गर्दीत थॅलेसेमिया, हिमोफिलिया असलेल्या मुलांचे आईवडीलही असतात. मूल शिकावे, स्वतःच्या पायांवर उभे राहावे म्हणून ते जिवाचे रान करतात. असा मुलगा पदवीधर होतो, घरात पेढे वाटले जातात. आणि थोड्याच काळात वडिलांच्या आरोग्य विम्यातून त्याचे नाव वगळले जाते. बहुतेक कौटुंबिक पॉलिसींत अपत्यासाठी पंचवीस वर्षांची मर्यादा असते. आजाराला मात्र मर्यादा नसते.

कायदा नाही, असे नव्हे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकारच्या दिव्यांगत्वात थॅलेसेमिया, हिमोफिलिया व सिकलसेल यांचा समावेश केला. सर्वंकष विमा योजनेची तरतूदही केली. दिल्ली उच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०२२ च्या निर्देशानंतर विमा नियामक प्राधिकरणाने फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वसाधारण व आरोग्य विमा कंपन्यांना दिव्यांगांसाठी स्वतंत्र पॉलिसी आणणे बंधनकारक केले. २०२४ मध्ये आधीपासूनच्या आजारांसाठीचा कमाल प्रतीक्षाकाळ चार वर्षांवरून तीन वर्षांवर आला. पण दर तीन-चार आठवड्यांनी रक्त घ्यावे लागणाऱ्या तरुणाने तीन वर्षे थांबायचे कसे? आणि बालपणापासून इन्सुलिनवर जगणारा मधुमेही तर त्या २१ जणांच्या यादीतच नाही!

मार्ग अशक्य नाही. केंद्र सरकारी आरोग्य योजनेत कर्मचाऱ्याच्या अवलंबून असलेल्या दिव्यांग मुलाला वयाची अट नाही. सरकार आपल्या सेवकांना जे देते, ते खासगी विमा कंपन्यांनी सामान्य गृहस्थाला का नाकारावे? ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न न पाहता, आयुष्मान भारत योजनेत ५ लाखांचे संरक्षण मिळते. आजोबांना लागू झालेला हा न्याय आजारी नातवालाही लागू व्हावा.

तोवर आपणही स्वस्थ बसू नये. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ योजना आहे. अल्प शुल्कात, वैद्यकीय तपासणीची अट न घालता, वर्षाला १ लाखापर्यंतचे संरक्षण ती देते; पण अनेक घरांना तिचे नावही ठाऊक नाही. आपल्या वस्तीतील अशा एका घरी जाऊन अर्ज भरून देणे, ही सेवा कुणालाही जमण्याजोगी आहे. ‘आमच्यानंतर याचे कसे होणार?’ या आईच्या प्रश्नाचे उत्तर शासनाइतकेच समाजालाही द्यावे लागेल.