पाहुणा इंदूरचा, पाणी आपलं. मग होडी कोणाची?



दिवाळी आणि नाताळच्या सुट्टीत मालवणच्या जेटीवर 'एमपी ०९' नंबरच्या गाड्या दिसतात. ही इंदूरची मंडळी. होळकरांच्या काळापासून तिथे मराठी घरं आहेत. आजी, काका-काकू, आतेभावंडं, कडेवरची पोरं असा सगळा गोतावळा येतो. कुरटे बेटावरचा सिंधुदुर्ग बघायला ते आपल्याच होड्यांत बसतात.

पण एवढा प्रवास लांबच्या सुट्टीतच जमतो. फक्त शनिवार-रविवार हाताशी असेल तर हीच कुटुंबं खंडवा जिल्ह्यातल्या हनुवंतिया टापूवर जातात. समुद्र नाही, पण इंदिरा सागर धरणाचं पाणी नजर पोचेल तिथवर. मध्य प्रदेश पर्यटनाचं रिसॉर्ट आहे, २०१६ पासून जलमहोत्सव भरतो, तंबू लागतात, क्रूझ आणि वॉटर स्कूटर चालतात. नातेवाईकांसोबत दोन दिवस मजेत जातात. त्यात वाईट काहीच नाही.

आपण बघायचं ते वेगळंच. त्याच पाण्याखाली हरसूद गाव आहे. २००४ साली ते उठवलं गेलं. त्याच पाण्यावर केवट, कहार, ढीमर समाजाची माणसं जाळी टाकतात. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै बंदी, त्यांच्याकडे १६ जून ते १५ ऑगस्ट. दुखणं मात्र एकच. मासळीचा कारभार महासंघ आणि ठेकेदाराकडे, पर्यटनाचा कारभार पर्यटन खात्याकडे. मग ज्याचा जन्म पाण्यावर गेला, त्याच्या वाट्याला काय?

इटारसीजवळच्या तवा धरणाची गोष्टही लक्षात ठेवण्यासारखी आहे. १९९६ साली तिथल्या विस्थापितांच्या तवा मत्स्य संघाला मासेमारीचा हक्क मिळाला. सहकारी संघ त्यांनी दहा वर्षं चालवून दाखवला. पण हक्क मुदतीचा होता. २००६ मध्ये मुदत संपली, आणि जंगलखात्याचे नियम पुढे करून तो पुन्हा दिला गेला नाही. चांगलं काम केलं म्हणजे हक्क टिकतोच असं नाही, तो कागदावरही पक्का लागतो.

म्हणून आमचं स्पष्ट मत आहे की किनाऱ्यावरची प्रवासी आणि पर्यटन होडी ही स्थानिक मच्छीमाराच्या आणि त्याच्या सोसायटीच्याच हाती राहिली पाहिजे. आज किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या आपल्या आहेत. उद्या मोठी बोट घेऊन बाहेरचा ठेकेदार आला, तर "आम्ही पिढ्यान् पिढ्या इथे आहोत" एवढ्या बोलण्यावर कोण थांबणार?

पण हक्क मागताना आपली बाजूही धड पाहिजे. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीला पर्यटकांची बोट उलटली, दोघांचा जीव गेला. इंदूरची आजी नातवाला घेऊन होडीत पाय टाकते, तेव्हा तिला पोहता येत नसतं. ती आपल्या भरवशावर बसते. तेव्हा मासेमारीच्या होडीत प्रवासी नकोत, त्यासाठी मेरीटाईम बोर्डाचा वेगळा परवाना लागतो. क्षमतेपेक्षा एक माणूसही जास्त नको. लहान पोराला त्याच्या मापाचं जॅकेट हवं, मोठ्याचं अडकवून चालत नाही. वारा फिरला की फेरी बंद, मग गिऱ्हाईक कितीही चिडो. एक होडी चुकली की सगळ्या जेटीचं नाव जातं, आणि ठेकेदाराला आयतं कारण मिळतं.

येत्या सभेत प्रत्येक सोसायटीने दोन ठराव घ्यावेत. पर्यटन परवान्यात स्थानिक मच्छीमार संस्थेला पहिला हक्क, लेखी स्वरूपात. आणि सुरक्षेचे नियम आपले आपण लावून घ्यायचे, मोडणाऱ्याची फेरी बंद करायची.

तुमच्या जेटीवर काय परिस्थिती आहे, ते खाली लिहा. होडीमालकांनी तर नक्कीच लिहा.