भरधाव म्हणजे किती?

ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतच्या कुठल्याही पोलीस ठाण्यातली, रस्त्यावरच्या अपघाती मृत्यूची फिर्याद वाचायला घ्या. वाहन कंटेनर असो, खासगी बस असो की दुचाकी, एक वाक्य बहुधा भेटतेच: आरोपीने आपल्या ताब्यातील वाहन भरधाव वेगात, हयगयीने व अविचाराने, रस्त्याच्या परिस्थितीकडे दुर्लक्ष करून चालवले. फिर्याद मृताच्या भावाने दिलेली असली आणि तो भाऊ अपघाताच्या वेळी घरी असला, तरी वाक्य तेच. पुढे पानटपरीवाल्याचा, रिक्षावाल्याचा, मागून येणाऱ्या ट्रकच्या क्लीनरचा जबाब नोंदवला जातो आणि त्यातही ‘भरधाव’ येते. वर्तकनगर नाक्यावरून कॅडबरी जंक्शनला उतरणाऱ्या किंवा माजिवड्याहून घोडबंदर रस्त्याला लागणाऱ्या माणसाच्या अंगावर हा वेग रोज येतो, त्यामुळे त्या शब्दावर शंका घ्यावी असे कुणाला वाटत नाही. मला ती घ्यावीशी वाटते. महामार्गावर माणूस मेला की आपली तपासयंत्रणा साक्षीदाराला नेमके तेच विचारते, जे सांगणे माणसाच्या डोळ्यांना सर्वांत कमी जमते. आणि त्याने खरोखर जे पाहिले, ते विचारायचे राहून जाते.

न्यायालयांनी हे फार पूर्वी ओळखले आहे. ‘कर्नाटक राज्य विरुद्ध सतीश’ या १९९८च्या खटल्यात ट्रक उलटून माणसे दगावली होती आणि साक्षीदारांनी ट्रक फार वेगात होता असे सांगितले होते. फार म्हणजे किती, हे मात्र अंदाजानेही कुणी सांगितले नव्हते. वेग ही सापेक्ष गोष्ट आहे, नुसत्या जास्त वेगावरून निष्काळजीपणा सिद्ध होत नाही, असे म्हणत सर्वोच्च न्यायालयाने चालकाची सुटका कायम ठेवली. त्यानंतर पाव शतक उलटून गेले, तरी फिर्यादीतले वाक्य हलले नाही. नुकसान केवळ एखाददुसरा खटला कोसळण्यापुरते असते तर एक वेळ सोडून देता आले असते. देशात २०२२ साली रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, आणि केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार त्यांतल्या ७१.२ टक्के मृत्यूंचे कारण अतिवेग. हा आकडा वेग मोजणाऱ्या यंत्रांतून आलेला नाही. राज्यांच्या पोलिसांनी भरून पाठवलेल्या माहितीतून तो तयार होतो. वेग मारतो हे खरेच आहे. पण जिथे वेग मोजलाच नाही, तिथेही तोच रकाना भरला जात असेल, तर उतारावरचे चुकीचे वळण, परावर्तक पट्ट्या नसलेला दुभाजक, अंधारात कडेला उभा केलेला ट्रेलर ही कारणे कागदावर येतच नाहीत, आणि कागदावर नसलेल्या कारणावर कुठलेही खाते पैसा खर्च करत नाही.

साक्षीदार खोटे बोलतो असे मी म्हणत नाही. अपघात दोन-तीन सेकंदांत होतो. बहुतेकांची मान आवाज ऐकल्यावर वळते; आवाजाच्या आधी काय झाले हे मन मागाहून जुळवते आणि ते जुळवलेले चित्र पाहिल्याइतकेच खरे वाटते. रात्री तर दिसतात फक्त दोन दिवे, आणि समोरून येणाऱ्या दोन दिव्यांवरून वेग सांगणे तरबेज चालकालाही जमत नाही. १९७४ साली एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना गाड्यांच्या टकरींच्या चित्रफिती दाखवून वेग विचारला. ज्यांना ‘गाड्या एकमेकींवर आदळल्या तेव्हा’ अशा धाटणीने विचारले, त्यांचा अंदाज सरासरी ताशी ६५ किलोमीटरच्या घरात होता. ज्यांना ‘एकमेकींना लागल्या तेव्हा’ असे विचारले, त्यांचा ५१च्या आसपास. चित्रफिती त्याच होत्या. दुसऱ्या प्रयोगात आठवडाभराने विचारले गेले की फुटलेली काच दिसली का. काच फुटलीच नव्हती, तरी जोरदार शब्द ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ जणांना ती ‘दिसली’. सौम्य शब्द ऐकलेल्या ५० जणांत अशी ७ माणसे निघाली. आता आपल्याकडचा जबाब आठवा. हवालदार विचारतो, ‘गाडी भरधाव होती ना?’, समोरचा मान डोलावतो आणि लेखनिक लिहितो. त्या क्षणी साक्षीदाराची आठवण नोंदवली जात नाही, बनवली जाते.

महाराष्ट्रात याचे सर्वांत वेदनादायक उदाहरण १ जुलै २०२३च्या पहाटेचे आहे. नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी बस समृद्धी महामार्गावर बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ उलटली, पेटली आणि २५ प्रवासी जळून गेले. बचावलेल्या चालकाने टायर फुटल्याचे सांगितले. चालकाला स्वतःला वाचवायचे असते, म्हणून त्याचा शब्द बाजूला ठेवू. पण वाचलेल्या एका प्रवाशानेही टायर फुटल्याचेच सांगितले, आणि त्याला तसे सांगण्यात काडीचाही फायदा नव्हता. सकाळी सगळ्या वाहिन्यांवर तेच कारण होते. नंतर अमरावतीच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयाच्या अहवालाने ते नाकारले: रस्त्यावर टायर फुटल्याच्या खुणा नव्हत्या, रबराचे तुकडे नव्हते. बस आधी उजव्या अंगाने लोखंडी खांबाला धडकली, मग दुभाजकावर गेली. झोपेतल्या प्रवाशाने जो धमाका ऐकला, तो कदाचित त्या खांबाचा होता; काळोखात एवढा मोठा आवाज झाला की माणूस ‘टायर’ म्हणणार, कारण तेवढेच त्याच्या माहितीचे असते. मात्र त्याच प्रवाशांनी दुसरी एक गोष्ट अनुभवली होती आणि ती कुठल्याही यंत्राला कळली नसती. बस डाव्या कुशीवर पडली, दरवाजा खाली दाबला गेला आणि जे वाचले ते काच फोडून बाहेर आले. कोणती काच, कशाने फोडली, किती वेळ लागला, आत धूर कुठून शिरला? बसची बांधणी सुधारायची तर हे जबाब सोन्याच्या मोलाचे आहेत. टायरच्या वादात त्यांच्याकडे पुरेसे लक्ष गेले नाही.

दुसरे उदाहरण ठाणेकरांच्या नेहमीच्या वाटेवरचे आहे. ४ सप्टेंबर २०२२ रोजी मुंबई-अहमदाबाद महामार्गावर, पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर उद्योगपती सायरस मिस्त्री यांची मोटार आदळली आणि मागे बसलेले मिस्त्री व जहांगीर पंडोल हे दोघे गेले. एका प्रत्यक्षदर्शीने लगेच वाहिनीला सांगितले की गाडी एक महिला चालवत होती, तिने डावीकडून पुढे जाण्याचा प्रयत्न केला आणि ताबा सुटला. महिला चालवत होती, हे तंतोतंत खरे निघाले. गाडी कोणत्या बाजूला होती, हेही त्याने पाहिले होते. वेगाबद्दल मात्र पहिल्या दिवसांत चर्चा झाली ती सीसीटीव्हीच्या वेळांवरून काढलेल्या हिशेबाची: नऊ मिनिटांत वीस किलोमीटर, म्हणजे ताशी १३३. पुढे मोटार कंपनीने गाडीतल्या यंत्रातली नोंद काढून दिली, तेव्हा दिसले की धडकेच्या पाच सेकंद आधी वेग १०० होता, ब्रेक लावला गेला आणि धडकताना तो ८९ होता. सरासरी वेग आणि शेवटच्या क्षणाचा वेग या वेगळ्या गोष्टी आहेत. कॅमेऱ्याचा हिशेब बरोबर धरला, तरी ब्रेक त्यात कुठेच दिसत नाही. मग तज्ज्ञांनी रस्ता पाहिला. तीन पदरी रस्ता पुलावर दोन पदरी होत होता आणि पुलाचा कठडा रस्त्याच्या कडेत पुढे आलेला होता. मागे उभ्या असलेल्या माणसाला पदर कमी होताना दिसत नाही. त्याला दिसते ती वळलेली गाडी, आणि मग चूक वळवणाऱ्याचीच वाटते. गुन्हा चालकावर दाखल झाला. त्याचा निकाल न्यायालय देईल. पण त्या पुलावरचा धोका समोर आणला तो रस्त्याच्या तपासणीने, जबाबांनी नव्हे.

यावर एक आक्षेप मला सगळ्यांत गंभीर वाटतो. महागडी गाडी एखाद्या पादचाऱ्याला उडवते, तेव्हा मेलेल्या माणसाच्या बाजूने बोलणारा रस्त्यावरचा साक्षीदारच असतो. गाडीतली नोंद कंपनीच्या हातात, रक्ताचा नमुना रुग्णालयाच्या हातात, आणि पैसा या दोन्ही ठिकाणी पोहोचू शकतो. पुण्यात कल्याणीनगरला १९ मे २०२४च्या पहाटे दोन तरुण संगणक अभियंते मोटारीच्या धडकेत मारले गेले, तेव्हा नेमके हेच समोर आले. ससून रुग्णालयात रक्ताचा नमुनाच बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांना अटक झाली; चालकाच्या जागी पगारी ड्रायव्हरला उभे करण्याचा प्रयत्न झाल्याचा आरोपही झाला. चाकामागून कोण उतरले, हे मात्र जमलेल्या लोकांनी पाहिले होते आणि त्यांनीच त्याला पकडून ठेवले होते. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो, आणि माझे म्हणणे त्यामुळे कमजोर होत नाही. गाडी कोण चालवत होते, कोण पळाले, ट्रेलर आधीपासून उभा होता का, सिग्नल कुणाला होता, मदत किती वेळाने आली: हे माणूस चांगले पाहतो आणि लक्षात ठेवतो. त्याच्यावर वेगाचा आणि दोषाचा भार टाकला, की बचाव पक्षाचा वकील उलटतपासणीत पहिल्यांदा तिथेच बोट ठेवतो, आणि वेगाबद्दल गडबडलेल्या साक्षीदाराचे खरे पाहिलेलेही संशयित ठरते. गरिबाच्या साक्षीचे वजन राखायचे असेल, तर तिच्याकडून तिला न पेलणारे काम करून घेणे थांबवले पाहिजे. यंत्रातली नोंद आणि नमुनेही डोळे मिटून मानायचे नाहीत: पंचांसमोर, चित्रीकरणात ताब्यात घ्यायचे, आणि जबाबाशी ताडून पाहायचे.

दुसरा आक्षेप व्यवहाराचा आहे. घोडबंदर रस्त्यावर गायमुखला कंटेनर आडवा झाला, की वाहनांची रांग पार मागे जाते. तिथे पंचनाम्यासाठी गाडी तशीच ठेवणार कोण? क्रेन आधी येते, टेप मागाहून. पावसाळ्यात तर खुणा तासाभरात धुऊन जातात. पण त्या खुणांत काय असते ते पाहा. कोरड्या डांबरावर चाके जखडून ३० मीटर घासत गेलेली मोटार ब्रेक लागताना ताशी साधारण ७० किलोमीटरच्या पुढे होती, हे शाळेतल्या भौतिकशास्त्राने काढता येते. धडकेतला उरलेला वेग हिशेबात धरला, की आकडा आणखी वाढतो. आता पुष्कळ गाड्यांत ब्रेक लावला तरी चाके जखडत नाहीत, त्यामुळे खुणा पुसट उमटतात; म्हणून गाडीतली नोंद त्याच दिवशी काढणे आणखी गरजेचे. जुलै २०२४ मध्ये डोंबिवलीहून पंढरपूरला निघालेल्या वारकऱ्यांची बस रात्री मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर ट्रॅक्टरला धडकून खड्ड्यात गेली आणि पाच माणसे गेली. त्या मार्गावर ट्रॅक्टरला मुळात बंदी आहे. अशा अपघातात पुढच्या वाहनाचा मागचा दिवा चालू होता का, या प्रश्नावर दोन्ही बाजूंचे साक्षीदार शपथेवर उलटसुलट सांगू शकतात. तारेचा बल्ब असेल तर तो स्वतःच सांगतो: पेटलेल्या बल्बची तापलेली तार धडकेने ताणली जाते, बंद दिव्याची थंड तार तशी ताणली जात नाही. पण तो बल्ब भंगारात जाण्याआधी कुणीतरी पिशवीत घालून मोहोरबंद करायला हवा. गाड्यांच्या जागा, खुणा, काचांचा सडा, बाजूला मोजपट्टी धरून काढलेली वीस-पंचवीस छायाचित्रे: हे दहा-पंधरा मिनिटांचे काम आहे. एरवी व्हीआयपी ताफ्यासाठी त्याहून जास्त वेळ रस्ता अडतो.

कायद्यातही इथे एक फट राहिली आहे आणि ती फारशी कुणाच्या बोलण्यात येत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ प्रमाणे सात वर्षे किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करायचे आहेत. निष्काळजीपणाने मृत्यू घडवण्याला न्याय संहितेच्या कलम १०६(१) खाली कमाल शिक्षा पाच वर्षे. म्हणजे देशात वर्षाला दीड लाखाहून जास्त जीव घेणारा प्रकार या सक्तीच्या बाहेरच राहिला. शिक्षा वाढवा असे मी म्हणत नाही. शिक्षेच्या आकड्यावरून तपासाची प्रत ठरवणे चूक आहे. दुसरीकडे, जे आपण करून ठेवले आहे ते लोकांपर्यंत पोहोचलेले नाही. मोटार वाहन कायद्याचे कलम १३४-अ मदत करणाऱ्याला संरक्षण देते: नाव सांगण्याची सक्ती नाही, आणि स्वेच्छेने साक्षीदार झालाच तर त्याच्या सोयीच्या वेळी व ठिकाणी चौकशी. जखमीला उचलणारा माणूस हाच सर्वांत जवळून पाहणारा असतो, आणि कोर्टाच्या खेपांच्या धास्तीने सर्वांत आधी तोच निघून जातो.

ठाणे पोलीस आयुक्तालयाने एवढे करण्यासाठी कुठल्याही नव्या कायद्याची वाट पाहायला नको. साक्षीदारांचे जबाब त्याच दिवशी, वेगवेगळे बसवून, त्यांच्याच बोलीत घ्यावेत. सुरुवात ‘काय दिसले ते सांगा’ इथून व्हावी, आणि साक्षीदार नेमका कुठे उभा होता हे नकाशावर खुणेने दाखवावे. वेग जबाबात लिहू नये. तो खुणा, कॅमेरा आणि गाडीतल्या नोंदीवरून काढून, कसा काढला त्यासह तपासाच्या कागदात यावा. २०२२च्या नियमांनुसार पहिला अपघात अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे जायचाच असतो. त्याची एक प्रत, रस्त्याच्या मोजमापासह, तो रस्ता ज्या खात्याच्या ताब्यात आहे त्याच्या कार्यकारी अभियंत्याकडे जावी, आणि त्याने त्या जागेवर काय केले हे लेखी कळवेपर्यंत पोलिसांनी पाठपुरावा सोडू नये.