‘काढून का टाकत नाही?’

‘डॉक्टर, गाठ एवढीशीच आहे ना? मग काढून का टाकत नाही?’ फुप्फुसाच्या कर्करोगाचे निदान झालेल्या घरातून हा प्रश्न हमखास येतो. प्रकार ‘स्मॉल सेल’ निघाला, तर डॉक्टर बहुधा शस्त्रक्रियेला नकार देतात, आणि घरचे समजतात, सगळे संपले. आज, १ ऑगस्टच्या जागतिक फुप्फुस कर्करोग दिनी, या नकाराचा अर्थ नीट समजून घ्यायला हवा.

फुप्फुसाच्या कर्करोगांत या प्रकाराचा वाटा साधारण १५ टक्के; विडी-सिगारेटशी त्याचे नाते फार घट्ट. पेशी लहान, पण वाढ झपाट्याची. गाठ एक्स-रेत दिसेपर्यंत बहुतेकदा तिचे बी यकृतात, हाडांत, मेंदूत पडलेले असते. तण शेतभर पसरल्यावर बांधावरचे एक झुडूप उपटून काय साधणार?

ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने १४४ रुग्णांत शस्त्रक्रिया आणि रेडिएशन यांची तुलना केली होती. दहा वर्षांचा हिशेब १९७३ साली मांडला गेला, तेव्हा रेडिएशनच्या गटातले तिघे हयात होते, शस्त्रक्रियेच्या गटातला एकही नाही. चाकू बाजूला पडला, आणि त्या वेळी ते योग्यच होते. पण ही चाचणी झाली तेव्हा ना सीटी स्कॅन होते, ना पेट स्कॅन. दुर्बिणीतून श्वासनलिकेत दिसतील अशा, मध्यावरच्या गाठींचेच ते रुग्ण होते. त्यांतल्या अनेकांची गाठ पूर्ण काढताही आली नव्हती. फुप्फुसाच्या कडेला एकटीच बसलेल्या लहान गाठीबद्दल ही चाचणी काहीच सांगत नव्हती. नियम मात्र सरसकट झाला.

आता तो थोडा सैलावला आहे. पेट स्कॅन, मेंदूचा एमआरआय आणि छातीच्या मध्यातील लसिकाग्रंथींची तपासणी करूनही प्रसार आढळला नाही, तर फुप्फुसाचा तो खंड काढता येतो. असे रुग्ण शंभरात पाचही नसतात. शिवाय नुसता चाकू पुरत नाही. अमेरिकेतील नोंदींच्या २०१६ च्या अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर केमोथेरपी घेतलेल्यांपैकी सुमारे ५३ टक्के पाच वर्षे जगले. शस्त्रक्रियेवरच थांबलेल्यांपैकी ४० टक्के.

आपल्याकडे ही चिंचोळी वाटही अनेकदा बुजते. खोकला, घटते वजन, एक्स-रेवर डाग. थुंकीत जंतू सापडले नाहीत तरी क्षयाच्या गोळ्या सुरू होतात. ‘गुण येईल’ म्हणत दोन-तीन महिने जातात. या रोगाला तेवढे पुरतात.

शस्त्रक्रिया नाही म्हणजे उपचार नाहीत, असे मुळीच नाही. रोग छातीच्या एका बाजूपुरता असेल, तर केमो आणि रेडिएशन एकत्र देऊन काही रुग्ण पूर्ण बरेही होतात. तेव्हा डॉक्टरांसमोर बसल्यावर चाकूचा विषय जरा मागे ठेवावा. आधी विचारावे: ‘रोग कुठवर गेला आहे, हे पुरते तपासले का?’ काढायचे की नाही, हे त्या उत्तरातूनच ठरते.