मुळांचा शोध आणि मुळाक्षरांचा विसर

पूर्वजांच्या गावी जाऊन आपले मूळ शोधणे हा गेल्या पन्नास वर्षांत जगभर एक वाङ्मयप्रकारच होऊन बसला आहे. ॲलेक्स हेली यांचे 'रूट्स' १९७६ साली प्रसिद्ध झाले आणि गँबियातील जुफुरे हे नदीकाठचे गाव तीर्थक्षेत्र बनले. आयर्लंडने २०१३ साली जगभरच्या आयरिश वंशजांना वर्षभर घरी बोलावण्याचा उपक्रमच केला. या प्रकाराचे संकेतही आता ठरून गेलेले आहेत. आडनावापासून आरंभ, नकाशावर एक ठिपका, गावातला एक वृद्ध माहितगार, पडके जोते, दफनभूमीतील गवताने झाकलेला दगड आणि अखेरीस 'मी घरी आलो' असा साक्षात्कार. या साक्षात्कारातील व्यथा खोटी आहे असे येथे सुचवायचे नाही. परंतु व्यथेची सच्चाई हा ज्ञानाच्या सच्चाईचा पुरावा होऊ शकत नाही, आणि समीक्षेने तरी या दोहोंची गल्लत करू नये, एवढेच या लेखाचे प्रतिपादन आहे. त्यासाठी उदाहरण घेतले आहे ते रोह्याजवळच्या अष्टमीचे आणि 'अष्टमकर' या आडनावाचे.

कोकणातील बेने इस्राएल समाजाची कथा वाचकांना परिचित आहे. नवगावच्या किनाऱ्यापाशी फुटलेले गलबत, त्यातून वाचलेली सात स्त्रीपुरुषांची जोडपी, पुढे गावोगाव तेलाचे घाणे आणि शनिवारी घाणा बंद ठेवण्यावरून पडलेले 'शनिवार तेली' हे नाव. १९४८ नंतर या समाजातील बहुसंख्य लोक इस्रायलला गेले. लोद, दिमोना, अश्दोद, बेरशेबा येथे स्थिरावले. त्यांची मुले-नातवंडे आता कोकणात येतात. नवगावला जातात, खंडाळ्याजवळचा 'एलियाहू हन्नबीचा टप्पा' पाहतात, अलिबाग, पेण, रेवदंडा येथील सिनेगॉगांत दिवा लावतात आणि मग आपापल्या आडनावाच्या गावाकडे वळतात. किहीमकर किहीमला, पेणकर पेणला, रोहेकर रोह्याला. कुंडलिकेवरचा पूल ओलांडला की रोहेकरांचे गाव मागे पडते आणि अष्टमकरांचे लागते. आडनाव हेच येथे वाटाड्याचे काम करते. समाजाच्या इंग्रजी लेखनात त्याचा शेवट काही वेळा 'कर' ऐवजी 'केर' असा होतो, इतकाच काय तो फरक.

परंतु 'कर' हा प्रत्यय नेमके काय सांगतो? अष्टमीत राहणाऱ्या माणसाला अष्टमीतले लोक अष्टमकर म्हणत नाहीत; म्हणण्याचे कारणच नसते. तेथे सारेच अष्टमीचे. अष्टमकर हे नाव माणूस अष्टमीतून बाहेर पडला, चौल-रेवदंड्याला, मुंबईला, कंपनी सरकारच्या पलटणीत गेला, म्हणजे त्याला चिकटते. आणि ते लावतात तेही बहुधा इतरच. म्हणजे गावावरून पडलेले आडनाव वास्तव्यापेक्षा स्थलांतराचे अधिक बोलते. पलटणीतील सामाजी हसाजी दिवेकर हे याचे प्रसिद्ध उदाहरण. टिपूच्या कैदेतून सुटून आल्यावर त्यांनी १७९६ साली मुंबईतील पहिले सिनेगॉग बांधले. 'दिवेकर' या नावाने त्यांना इतिहासात स्थान मिळाले ते दिवे या गावी नव्हे, मुंबईत. तेव्हा आडनावाच्या बोटाला धरून गावात शिरणारा वंशज ज्या खुणेच्या आधाराने मूळ शोधतो, ती खूण मूळ सुटल्याची आहे. वंशशोधाच्या वाङ्मयाला हा विरोधाभास दिसत नाही, कारण त्याची सारी भिस्त मुळाच्या रूपकावर आहे आणि मूळ म्हटले की ते एका जागी रुतलेलेच असणार.

येथे एक आक्षेप संभवतो. मूळ, अस्मिता, उगम या कल्पना आता कोण मानतो? देल्यूझ आणि ग्वातारी यांनी १९८० साली मुळाच्या जागी आडव्या पसरणाऱ्या कंदाचे रूपक ठेवले. स्टुअर्ट हॉल यांनी १९९० मध्ये अस्मिता ही सिद्ध वस्तू नसून घडत राहणारी प्रक्रिया आहे असे म्हटले. जेम्स क्लिफर्ड यांनी १९९७ मध्ये मुळांपेक्षा मार्गांकडे लक्ष वेधले. आक्षेप योग्य आहे. परंतु या परिभाषेचे आपल्याकडे जे झाले आहे ते पाहिले की समाधान वाटत नाही. इंग्रजी विभागांतील प्रबंधांत बेने इस्राएल हे 'डायास्पोरा'चे एक सोयीचे उदाहरण बनले आहेत. चर्चा होते ती निस्सिम इझिकेल यांच्या इंग्रजी कवितेची आणि एस्थर डेव्हिड यांच्या 'बुक ऑफ रेचल' (२००६) या कोकणकिनाऱ्यावर घडणाऱ्या इंग्रजी कादंबरीची. हिंदीत मीरा महादेवन यांचे 'अपना घर' (१९६१) आणि शीला रोहेकर यांची 'मिस सैम्युएल : एक यहूदी गाथा' (२०१३) आहे. या कृतींचे मोल नाकारण्याचे कारण नाही. पण ज्या समाजाने शतकानुशतके मराठीत व्यवहार केला, स्वप्ने पाहिली, भांडणे केली, त्याच्या विस्थापनाचा सिद्धान्त त्याच्या मराठीला स्पर्शही न करता उभा राहतो, तेव्हा मार्गांची भाषा बोलणारी समीक्षा मुळांची भाषा बोलणाऱ्या पर्यटकाइतकीच वरवरची ठरते. एकाला गाव हवे असते, दुसऱ्याला उदाहरण. ओळ वाचण्याची निकड दोघांनाही नसते.

आणि प्रश्न अखेर ओळ वाचण्याचाच आहे. जुन्या मराठी बोलण्यात बेने इस्राएल आपल्या प्रार्थनास्थळाला 'मशीद' म्हणत. मुंबईतील त्यांची सिनेगॉग 'जुनी मशीद' आणि 'नवी मशीद' या नावांनीच ओळखली जात. कोकणातील एखाद्या कागदात 'मशिदीस तेल' असा उल्लेख आला, तर संशोधक तो कोणत्या समाजाच्या खाती जमा करील? सामाजी, हसाजी, आबाजी, इसाजी, बन्नाजी ही नावे आली, तर त्यांमागचे सॅम्युएल, इझिकेल, आब्राहाम, आयझॅक, बेंजामिन त्याला दिसतील काय? 'तेली' एवढाच शब्द असला, तर त्या घाण्याचा शनिवार त्याला कसा कळावा? अष्टमीत उभे राहून या प्रश्नांची उत्तरे मिळत नाहीत. ती मिळाली तर मोडी वाचणाऱ्याला, कोकणी वळणाची मराठी जाणणाऱ्याला आणि हिब्रू नावे मराठीत कशी रुळली याचे भान असणाऱ्याला मिळतील. जुफुरेतील माहितगाराने हेलींना जे सांगितले, ते पाहुण्याला काय हवे आहे हे ओळखून सांगितले असावे, अशी साधार शंका अभ्यासकांनी पुढे उपस्थित केली. गावातला वृद्ध पाहुण्याला विन्मुख पाठवत नाही. तो त्याचा आतिथ्यधर्म आहे. परंतु आतिथ्य म्हणजे पुरावा नव्हे.

आयर्लंडशी तुलना येथे उद्बोधक ठरते. डब्लिनमधील सार्वजनिक अभिलेखागार १९२२ च्या यादवीत जळाले आणि शतकांचे दस्तऐवज राख झाले. त्याआधीच्या शतकात तेथील गावांची नावे इंग्रजी वळणाने नोंदली गेली होती. ब्रायन फ्रील यांच्या 'ट्रान्सलेशन्स' (१९८०) या नाटकाचा विषयच तो आहे. आयरिश वंशजाला मूळ सापडत नाही, कारण कागद जळाले आणि पूर्वजांची भाषा बहुतेक ठिकाणी बोलण्यातून गेली. आपली स्थिती याच्या नेमकी उलट आहे. कागद सारेच जळालेले नाहीत आणि भाषा तर कोट्यवधींच्या तोंडी आहे. तरीही वाचन होत नाही. त्यांच्याकडे आपत्ती होती. आपल्याकडे केवळ अनास्था आहे.

अनास्थेचे माप घ्यायचे तर पुन्हा अष्टमकर या नावाकडेच यावे लागते. १८८० च्या सुमारास मुंबईत बेने इस्राएलांनी हरिदासी कीर्तनाचा घाट उचलला आणि त्यात आब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने लावली. साकी, दिंडी, पदे हीच सामग्री. कथा मात्र तोराहची. या कीर्तनपरंपरेच्या आरंभीच्या कर्त्यांतले प्रमुख नाव बेंजामिन शिमशोन अष्टमकर यांचे आहे. अष्टमीचे नाव मराठी वाङ्मयात गेले ते या मार्गाने. धर्म एका परंपरेचा, रचनाबंध दुसऱ्या परंपरेचा आणि भाषा दोहोंना सामावणारी, अशी ही घटना आहे. कीर्तन हा प्रकार वैष्णव श्रद्धेपासून वेगळा होऊन आख्यानाचे एक निखळ रूप म्हणून कितपत उभा राहू शकतो, पूर्वरंग-उत्तररंगाची योजना एकेश्वरी आशयाला कशी पेलते, या प्रकारमीमांसेच्या प्रश्नांना एवढे सुस्पष्ट उदाहरण क्वचितच मिळते. त्याही आधी, १८३२ साली, जॉन विल्सन यांचे हिब्रूचे व्याकरण मराठीतून आले होते. १८४६ साली मुंबईत हग्गादा मराठी भाषांतरासह शिळाछापावर निघाली. १८७४ साली पुण्यात दुसरी निघाली. अर्वाचीन मराठी गद्य घडत असताना हिब्रूशी तिचा असा संबंध येत होता. आपल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांत ख्रिस्ती मिशनऱ्यांचे भाषाकार्य असते, ते योग्यच आहे. मात्र माझ्या पाहण्यातल्या अभ्यासक्रमांत ज्यांच्यासाठी ही पुस्तके निघाली आणि ज्यांनी ती वापरून पुढे स्वतःची निर्मिती केली, त्यांना जागा दिसत नाही. अपवाद असतील, ते अपवाद आहेत, हाच मुद्दा आहे.

भालचंद्र नेमाडे यांनी देशीयतेची मांडणी केल्यापासून आपण भूमी, परंपरा, मुळे हे शब्द अभिमानाने वापरत आलो आहोत. या कीर्तनापेक्षा अधिक देशी काय असणार? परंतु देशीवादाच्या प्रचलित, सैल वापरात देशी असण्याची कसोटी नकळत जन्माची झाली आणि 'बाहेरून आलेला' हा शिक्का पुसला गेला नाही. मराठी माणूस 'तुम्ही मूळचे कुठले?' असे विचारतो तेव्हा तो प्रश्न दरवेळी निरागस नसतो. गावाआडून जातच विचारलेली असते. हाच प्रश्न या समाजाला दुसऱ्या टोकालाही विचारला गेला. १९६० च्या दशकाच्या आरंभी इस्रायलमधील धर्मपीठाने त्यांच्या विवाहांसाठी पूर्वजांची चौकशी आवश्यक ठरवली. आंदोलन झाले आणि १९६४ साली तेथील संसदेला ते पूर्णतः ज्यू असल्याचे जाहीर करावे लागले. येथे परके आणि तेथे संशयित, अशा माणसाने आडनावाचे गाव पाहण्यासाठी प्रवास करावा यात भाबडेपणा आहे असे मी म्हणणार नाही. मूळ दाखवण्याची सक्ती ज्याच्यावर झाली, तो मूळ शोधणारच. म्हणूनच त्याच्या हाती केवळ भावनेचे प्रमाणपत्र देऊन त्याला परत पाठवणे अधिक अन्यायाचे आहे.

आता या शोधाला जनुकशास्त्राचीही साथ मिळाली आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासात बेने इस्राएलांचा वंश ज्यू आणि भारतीय अशा दोन्ही स्रोतांतून आल्याचे आढळले. या निष्कर्षाने दंतकथेला काहीसा आधार मिळाला याचा आनंद समजण्यासारखा आहे. परंतु रक्त दोन स्रोतांचे आहे हे सांगणारी प्रयोगशाळा, त्या दोन स्रोतांचे एक आख्यान साकीत कसे बसवले गेले, हे सांगू शकत नाही. ते काम साहित्याच्या अभ्यासकाचे आहे आणि ते दुसऱ्या कोणत्याही विद्याशाखेवर ढकलता येणार नाही.

तेव्हा भाषेच्या विभागांपुढची कामे उघड आहेत. कीर्तनांच्या पुस्तिका, मंडळांची इतिवृत्ते, समाजाची दुभाषी नियतकालिके, कौटुंबिक पत्रे आणि रायगड जिल्ह्यातील दफनभूमींमधले हिब्रू-मराठी लेख यांची सूची करणे. मोडीचा अभ्यास पदव्युत्तर स्तरावर सक्तीचा नसला तरी सन्मानाचा करणे. एका तरी विद्यार्थ्याला हिब्रूची मुळाक्षरे शिकण्यास उद्युक्त करणे. आणि इस्रायलमध्ये आज प्रामुख्याने स्त्रियांनी जतन केलेल्या कीर्तनाचे ध्वनिमुद्रण व संहितासंपादन त्यांच्या सहकार्याने करणे. यांत सिद्धान्ताला विरोध नाही. उलट सिद्धान्ताला काम देणारी सामग्री यातूनच हाती येईल. समाजाचे पहिले इतिहासकार हाईम सॅम्युएल किहीमकर यांचा इंग्रजी ग्रंथ १८९७ साली लिहून झाला आणि छापला गेला तो १९३७ साली, तेल अवीवमध्ये. चाळीस वर्षे तो हस्तलिखितात पडून राहिला. ज्या सामग्रीवर असे ग्रंथ उभे राहतात, ती मराठी सामग्री तर अजून एकत्रही झालेली नाही.

अष्टमीला येणाऱ्या वंशजाला मराठी येत नाही. हा त्याचा दोष नाही, त्याच्या आजोबांच्या प्रवासाची ती किंमत आहे. आपल्याला मराठी येते आणि तरीही आपण वाचत नाही. याला मात्र प्रवासाची सबब सांगता येणार नाही. त्याने उद्या कुंडलिकेच्या पुलावर उभे राहून अष्टमकर म्हणजे कोण असे विचारले, तर गावकरी त्याला जागा दाखवतील. बेंजामिन शिमशोन अष्टमकरांची संहिता त्याच्यापुढे ठेवण्याची जबाबदारी मराठी विभागांची आहे, आणि ती त्यांनी अद्याप पार पाडलेली नाही.