आजीला विसर्जन मिरवणुकीला न्यायचं का? न्या, पण असं न्या



भाद्रपद आला की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, आईला यंदा पुण्याची मिरवणूक बघायचीय. बीपीची गोळी चालू आहे, शुगर आहे. नेऊ का?" विचारणारं कुटुंब बहुतेक वेळा गावाकडचं असतं. पासली, केळद, वेल्हे या पट्ट्यातलं. मुलगा पुण्यात नोकरीला, आईवडील गावी भाताचं बघतात. गावचा गणपती आटोपला की अनंत चतुर्दशीला गाडी काढायची आणि मानाचे पाच गणपती डोळे भरून पाहायचे, एवढीच इच्छा असते. प्रश्न विचारताना मुलाच्या चेहऱ्यावर मात्र दिसतं की त्याला माझ्या तोंडून "नको" हवं आहे. म्हणजे घरी जाऊन "डॉक्टरच नाही म्हणाले" असं सांगता येईल!

माझं मत स्पष्ट आहे. "वय झालं, घरीच टीव्हीवर बघ" हा वैद्यकीय सल्ला नव्हे, ती आपली सोय आहे. ज्या बाईने वर्षभर चिखलात उभं राहून भात लावला, तिला एक दिवस ढोल ऐकायला नेता येत नसेल तर आपण तिच्या बीपीची काळजी करतो की स्वतःच्या दगदगीची, हे एकदा मनाशी विचारून बघा. आजारी माणसाची हौस हाही त्याच्या तब्येतीचाच भाग असतो. त्यामुळे बहुतेक जणांना मी "जा" म्हणतो. फक्त मिरवणूक पाहायला जाणारा माणूस प्रवासी असतो, हे विसरू नका. पेठेत राहणाऱ्याला दम लागला तर तो दहा मिनिटांत घरी जाऊन आडवा होतो. पासलीहून आलेल्याचं घर दोन-अडीच तासांवर असतं. सगळा फरक इथेच पडतो.

आधी, कोणी जाऊ नये

गेल्या काही आठवड्यांत हार्ट अटॅक, अँजिओप्लास्टी, बायपास किंवा पॅरालिसिस झालेल्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊ नये. शंभर पावलं चालल्यावर छातीत दुखत असेल किंवा धाप लागत असेल, फिट नियंत्रणात नसतील, ताप असेल, तर यंदा नको. गरोदर बाई आणि तान्हं बाळ यांना गर्दीत नेऊच नका. यांच्यासाठी दुसरा मार्ग आहे. विसर्जनाच्या तीन-चार दिवस आधी, दुपारच्या वेळी, गर्दी कमी असताना मानाचे गणपती आणि जवळपासचे देखावे दाखवून आणा. बाप्पा तोच असतो, धक्काबुक्की मात्र बरीच कमी.

गोळी, जेवण आणि पाणी

उत्सवात लोक आजारी पडतात ते बहुतेक वेळा साध्या कारणांनी. गोळी गाडीत राहिली, जेवण चुकलं, पाणी प्यायलं नाही.

मधुमेहाच्या काही गोळ्या (उदाहरणार्थ ग्लिमेपिराईड) आणि इन्सुलिन घेऊन जेवलं नाही, तर साखर झपाट्याने खाली येते. अनंताचं व्रत, पहाटेचा प्रवास आणि "आता पुढचा गणपती बघून मग खाऊ" हे तिन्ही एकत्र आले की घात होतो. घाम, थरथर, धडधड, चिडचिड, असंबद्ध बोलणं ही साखर उतरल्याची लक्षणं. गर्दीत लोकांना वाटतं, उकडतंय म्हणून होतंय. साखर ७०च्या खाली गेली असेल, किंवा मोजायला मशीन नसेल आणि लक्षणं दिसत असतील, तर लगेच तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून द्या. पंधरा मिनिटांत बरं वाटलं नाही तर पुन्हा द्या आणि नंतर काहीतरी खायला द्या. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा. उपवास करायचाच असेल तर गोळ्यांचं काय करायचं, हे दोन दिवस आधी डॉक्टरांना विचारून घ्या. मनाने डोस बदलू नका.

आता बायकांबद्दल. आमच्या भागातल्या कितीतरी बायका गर्दीच्या ठिकाणी जायचं असलं की सकाळपासून पाणीच पीत नाहीत. का, तर लघवीला कुठे जायचं? मग दुपारी चक्कर येते, डोकं दुखतं आणि दोन दिवसांनी लघवीच्या जळजळीची तक्रार घेऊन त्या दवाखान्यात येतात. तिला "पाणी पी" म्हणून काही होणार नाही, आधी स्वच्छतागृह दाखवा. पुण्यातल्या ओळखीच्या कुणाचं तरी घर किंवा दुकान आधीच ठरवून ठेवा, तिथून पाच-दहा मिनिटांच्या अंतरावर उभे राहा. मंडळांनाही माझी विनंती आहे. स्वागताच्या कमानी उभारता, तसा "महिलांसाठी स्वच्छतागृह इकडे" असा एक ठळक फलक लावा. बाहेरगावच्या माणसाला ते कुठे आहे हे माहीत नसतं.

मधुमेह्यांनी अनवाणी चालू नये. पायाची संवेदना कमी झालेली असेल तर फुटलेल्या नारळाची करवंटी रुतली तरी कळत नाही. जुनी, सवयीची, बंद पादत्राणं घाला आणि रात्री तळवे तपासा.

कानांचा हिशोब

ढोल-ताशा हा पुण्याच्या मिरवणुकीचा प्राण आहे आणि मलाही तो आवडतो. पण कानाला तो पारंपरिक आहे की डीजे, हे कळत नाही. त्याला फक्त आवाजाची पातळी आणि वेळ कळते. साधारण नियम असा की ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तासांपर्यंत चालतो. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. ८८ ला ४ तास, ९१ ला २ तास आणि १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं. पुण्याच्या सीओईपीची मंडळी अनेक वर्षं विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रस्त्यावर आवाज मोजतात. करोनाची वर्षं सोडली तर सरासरी बहुतेक वर्षी नव्वदच्या वर राहिलेली आहे. पथकाच्या किंवा स्पीकरच्या अगदी समोर तो शंभरच्या पुढे सहज जातो.

म्हणून पथक समोर आलं की दहा पावलं मागे सरका. स्पीकरच्या भिंतीसमोर उभे राहूच नका. मेडिकलच्या दुकानात फोमचे इअरप्लग मिळतात, ते नीट बसवले तर आवाज बराच कमी होतो. कापसाच्या बोळ्याने जवळजवळ काहीच होत नाही. लहान मुलांना कान पूर्ण झाकणारे इअरमफ घाला. घरी आल्यावर कानात गुणगुण राहिली, तर तो कानाने दिलेला इशारा समजा. एका कानाने अचानक कमी ऐकू येऊ लागलं तर "मळ असेल" म्हणून थांबू नका. एक-दोन दिवसांत कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा, उशीर झाला की उपचाराचा उपयोग कमी होतो.

लेझरच्या झोताकडे थेट पाहू नका. डोळ्याच्या पडद्याला इजा होताना दुखत नाही, नंतर मधोमध काळा डाग दिसतो.

गर्दीत माणूस कशाने मरतो?

हा भाग कठोर आहे, पण आपल्या भागाला तो ठाऊक असायला हवा. भोरहून घाट चढून आपण काळूबाईला मांढरदेवीला जातो. तिथे २५ जानेवारी २००५ रोजी, शाकंभरी पौर्णिमेला, चेंगराचेंगरी आणि आगीत तीनशेच्या आसपास भाविक गेले. दक्षिण कोरियातल्या सोलमध्ये २९ ऑक्टोबर २०२२ च्या रात्री सणाच्या गर्दीत एका अरुंद, उताराच्या गल्लीत १५९ माणसं गेली. त्यात बहुतेक तरुण होते.

अशा वेळी लोक पायाखाली तुडवले जाऊन मरतात, असा आपला समज असतो. पुष्कळदा माणूस उभ्या उभ्याच गुदमरतो. चारी बाजूंनी इतका दाब येतो की छाती फुगायला जागा राहत नाही. म्हणून धट्टाकट्टा तरुणही जातो. एका चौरस मीटरमध्ये पाचपेक्षा जास्त माणसं झाली की धोका सुरू होतो. हे मोजायला यंत्र लागत नाही. दोन्ही बाजूंनी खांदे दाबले जाऊ लागले, हात वर करून तोंडाला लावता येईना, तर तिथून निघायची वेळ झाली. बाप्पा दिसला नाही तरी चालेल.

अडकलातच तर हात कोपरात वाकवून छातीसमोर धरा, म्हणजे श्वासापुरती जागा राहते. लोंढ्याच्या विरुद्ध ढकलू नका. धक्का ओसरला की तिरके तिरके कडेकडे सरका. मात्र भिंतीला किंवा लोखंडी कठड्याला चिकटू नका. चप्पल, मोबाईल, काहीही पडलं तरी वाकू नका. लहान मुलाला वर उचला.

घरच्यांना सांगायचं ते हे: आजीला बेलबाग चौकात किंवा अलका टॉकीजच्या चौकात मधोमध उभं करू नका. सकाळी मंडईतून मानाच्या गणपतींची सुरुवात होते. तेव्हा लवकर पोचून रुंद जागी, मागे मोकळी वाट असेल असं ठिकाण निवडा. घडीची खुर्ची न्या. तिच्या पदराला किंवा खिशाला नाव, मुलाचा फोन नंबर, आजार आणि गोळ्या लिहिलेली चिठ्ठी लावा. गर्दीत मोबाईलला रेंज मिळेलच असं नाही, म्हणून चुकल्यास कुठे भेटायचं तेही आधीच ठरवा.

छातीत दाब, जबडा किंवा डाव्या हाताकडे कळ, थंड घाम, अचानक धाप किंवा तोंड वाकडं होणं यांपैकी काही दिसलं तर ती अ‍ॅसिडिटी किंवा थकवा समजून सोडा देत बसू नका. जवळच्या पोलिसाला सांगा, १०८ लावा. वृद्धांमध्ये आणि मधुमेह्यांमध्ये छातीत न दुखताही हार्ट अटॅक येऊ शकतो.

सगळ्यात मोठा धोका परतीच्या वाटेवर

इतकं सगळं सांभाळून लोक शेवटी चूक करतात ती इथे. पुण्याची मिरवणूक रात्रभर चालते, दुसऱ्या दिवशीपर्यंतही जाते. आणि पहाटे तीनला कुणीतरी म्हणतं, "निघू या, सकाळी म्हशीची धार काढायचीय." सतरा-अठरा तास सलग जागलेल्या माणसाची गाडी चालवण्याची क्षमता थोडी दारू प्यायलेल्या माणसाइतकी उतरते. चहाने आणि गाण्याने ती परत येत नाही. त्यात नसरापूरला हायवे सोडल्यावर पुढे वळणं, पाऊस आणि धुकं. डुलकी दोन सेकंदांची असली तरी गाडी तेवढ्यात तीसेक मीटर पुढे जाते.

म्हणून दोनच पर्याय ठेवा. सकाळी पाहून दुपारी निघा आणि उजेडात पासलीला पोचा. नाहीतर रात्री पुण्यातच कुणाकडे झोपा आणि सकाळी निघा. गावी म्हशीची धार काढायला शेजाऱ्याला आधीच सांगून ठेवा. गाडी चालवणारा त्या दिवशी दारूच्या थेंबाला शिवणार नाही, हे घरातल्या बायकांनी निघण्यापूर्वीच ठणकावून सांगावं.

पुण्यातल्या मंडळींनाही एक सांगणं. ज्यांची घरं मिरवणुकीच्या वाटेवर किंवा जवळ आहेत, त्यांनी गावाकडच्या एका तरी कुटुंबाला त्या दिवशी हक्काने बोलवा. पाणी, संडास, आडवं व्हायला सतरंजी, बस्स. माझ्या चिठ्ठीवरच्या कुठल्याही औषधापेक्षा याने त्या दिवशी जास्त लोक धडधाकट राहतील.

तेव्हा आई-आजींना घेऊन जरूर जा. दोन दिवस आधी बीपी-शुगर तपासून घ्या, गोळ्या वेगळ्या डबीत बांधा आणि परतीची वेळ निघतानाच ठरवा.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या आजाराबद्दल आणि औषधांबद्दल तुमच्या डॉक्टरांशीच बोला.)

काळजी घ्या. गणपती बाप्पा मोरया!