सामायिक वही

महाविद्यालयात शिकलेल्यांना ती वही आठवत असेल. एखाद्या नीटनेटक्या विद्यार्थ्याची टिपणे परीक्षेच्या आधी वसतिगृहाच्या खोल्याखोल्यांतून फिरत. ज्याच्या हाती वही पडे तो ती उतरवून घेई. तीत चूक आढळली तरी ती दुरुस्त करण्याच्या भानगडीत सहसा कोणी पडत नसे.

अशी वही सर्वांना एकाच वेळी वाचता यावी आणि सर्वांनीच ती सुधारीत जावी, अशी सोय अमेरिकेतील वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९९५ साली संगणकांच्या जाळ्यावर केली. तिला त्यांनी नाव दिले ‘विकी’. हवाई बेटांच्या भाषेत याचा अर्थ झटपट. (भाषांतर हाच आमचा व्यवसाय, तरी या शब्दाला प्रतिशब्द शोधण्याचा मोह आवरला आहे!) ‘विकिपीडिया’ हा विश्वकोश २००१ मध्ये याच सोयीवर उभा राहिला.

या वहीचा खरा गुण निराळाच आहे. कोणत्या खात्यावरून, केव्हा, कोणते वाक्य घातले वा खोडले, याची नोंद तीत राहते. पाच विद्यार्थ्यांनी मिळून निबंध लिहिला, तर कोणाचे लेखन किती, हे शिक्षकाला पाहता येते.

२०११ साली पुण्यातील काही महाविद्यालयांत असा प्रयोग झाला. विद्यार्थ्यांनी अभ्यासाचा भाग म्हणून इंग्रजी विकिपीडियात लेख लिहावयाचे होते. एरवी रद्दीत जाणारे लेखन जगाच्या उपयोगी पडावे, ही कल्पना सुंदरच. परंतु अनेकांनी पुस्तकांतले नि इतरत्र सापडलेले उतारे जसेच्या तसे लिहून काढले. ते हुडकून काढण्यात देशोदेशीच्या स्वयंसेवकांची दमछाक झाली आणि वर्षअखेरीस प्रयोग आवरता घ्यावा लागला.

त्या मुलांना बोल लावणे सोपे आहे. पण ‘गाईड’ पाठ करून आणि वर्गात सांगितलेली टिपणे उत्तरपत्रिकेत उतरवून गुण मिळवायला त्यांना शिकवले कोणी? ज्या उतरवण्याबद्दल आजवर शाबासकी मिळाली, तेच येथे चोरी ठरले. आणि तेही अनोळखी माणसांकडून, चारचौघांत.

आपल्या मुलामुलींना असे सामायिक काम मिळाले, तर त्यांच्याजवळ थोडा वेळ अवश्य बसावे. पानाच्या माथ्यावर ‘इतिहास’ अशी खूण असते. ती उघडून, यातली तुझी वाक्ये कोणती, एवढे विचारावे. आणि ती त्यांच्याकडूनच वाचून घ्यावीत.