जुन्या घराची ऊब आणि श्रमिकाचा खिसा

ब्रिटनच्या औद्योगिक शहरांत लाल विटांच्या, एकमेकींना खेटून उभ्या असलेल्या घरांच्या रांगाच रांगा आहेत. १९१९ पूर्वी कामगारांसाठी बांधलेल्या या घरांच्या भिंती भरीव विटांच्या आहेत. त्यांत पोकळी नाही, त्यामुळे हिवाळ्यात आतली ऊब सहज बाहेर जाते. यांतील बहुसंख्य घरे नैसर्गिक वायूच्या बॉयलरवर तापतात. हवामानाचे संकट आवरायचे तर या बॉयलरच्या जागी उष्णता-पंप आले पाहिजेत, हे तत्त्वतः बहुतेकांना मान्य आहे. वाद आहे तो किमतीचा, आणि किमतीचा वाद हा अखेर वर्गाचा वाद असतो.

उष्णता-पंप म्हणजे उलट्या बाजूने वापरलेला फ्रीज. तो उष्णता निर्माण करीत नाही. बाहेरच्या गार हवेतील उष्णता ओढून घरात आणतो. ही कल्पना लॉर्ड केल्विन यांनी १८५२ मध्ये मांडली. ब्रिटनमध्ये एक मोठी इमारत नदीच्या पाण्यातील उष्णतेवर तापवण्याचा प्रयोग १९४५ च्या सुमारास झाला, तो कोणा भांडवलदाराने केलेला नव्हता. नॉर्विच नगरपालिकेच्या वीज खात्यातील अभियंते जॉन समनर यांनी तो केला. सार्वजनिक क्षेत्राला नवे काही सुचत नाही, असे म्हणणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

जुन्या घरात हा पंप चालतच नाही, ही समजूत खरी नाही. मात्र त्याची निवड हिशेबाने करावी लागते. थंडीच्या कडाक्यात प्रत्येक खोलीतून किती उष्णता निसटते, हे आधी मोजावे लागते. घरात २४ किलोवॅटचा बॉयलर आहे म्हणून तेवढाच पंप घेणे हा शुद्ध अपव्यय होय. पोटमाळ्यावर उष्णतारोधक थर घातला आणि फटी बुजवल्या, तर अशा लहान घराला ६ ते ८ किलोवॅटचा पंप पुरू शकतो. गरजेपेक्षा मोठा पंप वारंवार बंद-चालू होतो आणि वीज खातो. दुसरी बाब रेडिएटरची. ते मोठे असतील तर ५५ अंशांऐवजी ४५ अंशांच्या पाण्यावरही खोली उबदार राहते, आणि पाणी जितके कमी तापवावे लागते तितका पंप किफायतशीर ठरतो. खोलीवार मोजणी न करता दिलेले स्वस्त दरपत्रक म्हणूनच सर्वांत महाग पडते.

आता चालवण्याच्या खर्चाकडे वळू. २०२४ च्या ऑक्टोबर ते डिसेंबर या तिमाहीत नियामकाने ठरवलेला सरासरी कमाल दर विजेला युनिटमागे २४.५० पेन्स आणि वायूला ६.२४ पेन्स होता. वर्षाला १२,००० युनिट उष्णता लागणारे घर घेतले, तर ८५ टक्के कार्यक्षम बॉयलरला सुमारे ८८० पौंडांचा वायू लागतो. एका युनिट विजेमागे २.८ युनिट उष्णता देणाऱ्या पंपाला सुमारे १,०५० पौंडांची वीज लागते. तेच प्रमाण ३.५ असेल तर ८४० पौंड पुरतात. वायूची जोडणी पूर्ण तोडली तर स्थिर आकाराचे सुमारे ११५ पौंड वाचतात, तरीही पहिले घर तोट्यातच राहते. हा सारा फरक आराखड्याच्या आणि रेडिएटरच्या दर्जाचा आहे, आणि दर्जाला पैसे पडतात.

येथेच अनुदानाची मेख आहे. हवेवर चालणारा पंप बसवण्याचा खर्च साधारणतः १३,००० पौंडांच्या घरात जातो. इंग्लंड व वेल्समधील अनुदान २०२३ च्या ऑक्टोबरात ५,००० वरून ७,५०० पौंड झाले. ही रक्कम धनिकाला आणि बसचालकाला सारखीच मिळते. वरकरणी ही समता भासते. परंतु उरलेले पाच-सहा हजार पौंड ज्याच्या गाठी आहेत, त्यालाच हे अनुदान उचलता येते. अगदी निर्धनांसाठी वेगळ्या योजना निघाल्या. पण स्वतःचे घर असलेला, बेताच्या मिळकतीचा श्रमिक दोहोंच्या मधल्या फटीत अडकला. आणि इंग्लंडमधील सुमारे एक तृतीयांश कुटुंबे भाड्याने राहतात. त्यांच्या घराचा पंप मालकाच्या मर्जीवर आणि विजेचे बिल मात्र भाडेकरूच्या माथी, अशी ही वाटणी आहे.

जर्मनीने २०२४ मध्ये निराळा मार्ग धरला. मूळ ३० टक्के अनुदानावर, ४०,००० युरोंपर्यंत करपात्र उत्पन्न असलेल्या आणि स्वतःच्या घरात राहणाऱ्या कुटुंबांना आणखी ३० टक्के देऊ केले. इतर सवलतींसह एकूण मर्यादा ७० टक्क्यांची ठेवली. अनुदान मिळकतीशी जोडता येते, प्रशासनाला ते अशक्य नाही, एवढे यावरून सिद्ध होते. ब्रिटननेही २०२५ च्या नोव्हेंबरातील अर्थसंकल्पात वीजबिलावरील धोरणखर्चाचा काही भाग तीन वर्षांसाठी सर्वसाधारण करांकडे वळवण्याचा निर्णय केला. बिलावरील बोजा गरिबाला अधिक जाचतो, हे पाहता ही दिशा योग्यच आहे.

परंतु एवढ्याने भागणार नाही. एकेका घरमालकाने एकेका कंत्राटदाराशी घासाघीस करावी, ही बाजाराची रीत झाली. एका रांगेतील घरे बांधणीने सारखी असतात. त्यांची मोजणी, खरेदी आणि देखभाल नगरपालिकेने एकत्रितपणे हाती घेतली, तर खर्चही उतरेल आणि भाडेकरूही वगळला जाणार नाही. हवेतील उष्णता कोणाच्या मालकीची नाही. ती घरात आणण्याचे साधन तेवढे मूठभरांच्या ऐपतीचे राहिले, तर पर्यावरणाचा कार्यक्रम श्रमिकांना शत्रूसारखा वाटू लागेल. तसे झाल्यास दोष श्रमिकांचा नसेल.